मोजलेली नौका टिकते

जुलै २०२५ मध्ये युनेस्कोने मराठ्यांच्या बारा किल्ल्यांना जागतिक वारशाचा दर्जा दिला. त्यांपैकी खांदेरी, सुवर्णदुर्ग, विजयदुर्ग आणि सिंधुदुर्ग हे चार किल्ले समुद्राचे आहेत आणि त्यांतले शेवटचे दोन आजच्या सिंधुदुर्ग जिल्ह्यात येतात. मालवणच्या कुरटे बेटावर नोव्हेंबर १६६४ मध्ये सिंधुदुर्गाचा पाया घातला गेला, तेव्हापासूनची त्याची हकीकत कागदोपत्री आहे. तटाची लांबी, बुरुजांची जागा, दरवाजाची वळणे हे सारे मोजून नकाशांवर उतरले आहे. पण हे किल्ले ज्या नौकांच्या आसऱ्यासाठी उभे राहिले, त्या गुराबा आणि गलबते नेमकी कशी होती, हे सांगायला आपल्याजवळ वर्णने आहेत, चित्रे आहेत, मोजमापे जवळजवळ नाहीत. दगड जागेवर राहतो, म्हणून तो उशिरा मोजला तरी चालतो. लाकूड थांबत नाही. मालवण, देवगड, वेंगुर्ल्याच्या किनाऱ्यावर शिडाच्या काळातल्या ज्या थोड्या नौका अजून उरल्या आहेत, त्यांच्याविषयी माझे म्हणणे एवढेच आहे, की जुन्या वेगवान नौकेची खरी मालमत्ता तिचे लाकूड नसून तिचा आकार असतो. तो आकार मोजून ठेवला तर नौका मालकापेक्षा जास्त जगते, आणि न मोजता गेली तर ती कायमची जाते.

आकाराला इतके महत्त्व का, हे आधी पाहू. पाण्यातून जाणारी नौका स्वतःच लाटा उठवते, आणि त्या लाटेची लांबी नौकेच्या पाण्यालगतच्या लांबीएवढी झाली की पुढचा वेग फार महाग पडू लागतो. नौकाबांधणीतला जुना ठोकताळा असा, की पाण्यालगतची लांबी फुटांत घ्यावी, तिचे वर्गमूळ काढावे आणि १.३४ ने गुणावे. येणारा आकडा म्हणजे त्या नौकेच्या वेगाची नॉटमधली साधारण मर्यादा. २५ फुटांच्या नौकेला ती ६.७ नॉट पडते, ३६ फुटांच्या नौकेला ८. पण हे झाले वरच्या मर्यादेचे. सारख्याच लांबीच्या दोन नौकांतली एक सौम्य वाऱ्यात सरसर निघते आणि दुसरी रेंगाळते, एक वाऱ्याच्या तोंडाकडे चढते आणि दुसरी आडवी वाहून जाते, याचे कारण पाण्याखालच्या वळणांत असते. पुढची नाळ पाणी कशी कापते, पोट किती भरलेले आहे, मागे पाणी कसे सुटते, पठाण, म्हणजे तळाचा कणा, किती खोल आणि कुठे खोल आहे, यांवर सगळे ठरते. ही वळणे कागदावर पकडण्याची पद्धत पक्की आहे. नौकेच्या लांबीवर ठरावीक अंतरावर आडवे छेद कल्पायचे, प्रत्येक छेदात मध्यरेषेपासून किती रुंदी आणि पायापासून किती उंची हे मोजायचे, आणि त्या आकड्यांवरून बाजूने, वरून आणि समोरून अशा तीन अंगांनी रेषा काढायच्या. तिन्ही अंगांच्या रेषा एकमेकींशी जुळल्या, की आकार बरोबर उतरला असे समजायचे. या आराखड्यावरून नौका पुन्हा बांधता येते, तिचा तोल आणि तिला होणारा पाण्याचा विरोध गणिताने काढता येतो, दुसऱ्या नौकेशी तिची तुलना करता येते. नुसत्या छायाचित्रावरून यातले काहीही होत नाही.

मालवणच्या किनाऱ्याने या वळणांवर स्वतःच्या अटी घातल्या होत्या. सिंधुदुर्गाभोवती पाण्याखाली खडक पसरलेले आहेत आणि त्यांतून वाट काढणाऱ्याला खाणाखुणा ठाऊक असाव्या लागतात. वाघोटण, आचरा, कर्ली या खाड्यांच्या तोंडाशी वाळूचे दांडे साचतात. रात्री आणि पहाटे जमिनीवरून मतलई वारा सुटतो, दुपारी समुद्रावरून वारा भरतो, आणि या दोहोंच्या मध्ये काही वेळ वारा पडतो. अशा ठिकाणी जिंकणारी नौका उथळ हवी, पडत्या वाऱ्यात वल्ह्यांवर चालणारी हवी आणि वाऱ्याच्या तोंडाकडे चढणारी हवी. इंग्रज इतिहासकार रॉबर्ट ऑर्म याने अठराव्या शतकात आंग्र्यांच्या नौकांचे जे वर्णन लिहून ठेवले, ते या अटींशी तंतोतंत जुळते. गुराब बहुधा दोन डोलकाठ्यांची आणि दीडशे टनांपर्यंतची, क्वचित तीन डोलकाठ्यांची आणि तीनशे टनांची. पाणी थोडे घेणारी, मध्ये रुंद, टोकांकडे निमुळती होत जाणारी, पुढे लांब चोच काढलेली. गलबत त्याच घाटाचे पण लहान, फार तर सत्तर टनांचे. मुख्य डोलकाठीवर एकच मोठे त्रिकोणी शीड, ज्याचे टोक डोलकाठीच्याही वर जाते. शिवाय चाळीस-पन्नास वल्ही. चौकोनी शिडांचे युरोपीय जहाज वाऱ्याच्या दिशेशी साधारण पासष्ट-सत्तर अंशांपेक्षा जवळ जाऊ शकत नसे. त्रिकोणी शिडाची नौका त्याहून जवळ जाई. वारा पडला की गलबते गुराबेला ओढून नेत आणि जागीच अडकलेल्या शत्रूच्या पिछाडीला आणून उभी करीत. १६७९ मध्ये खांदेरीच्या झुंजीत लहान मराठी होड्या रात्रीच्या काळोखात वेढ्यातून बेटावर रसद नेत होत्या आणि इंग्रजांची मोठी जहाजे त्यांना रोखू शकत नव्हती. इथली शर्यत करंडकासाठी नव्हती. पाठलागात पुढे राहणारी नौका वाचत होती, आणि पिढ्यान्‌पिढ्या याच कसोटीने तिचा आकार घासून घेतला होता.

तरीही ऑर्मच्या वर्णनावरून गुराब बांधता येणार नाही. ‘मध्ये रुंद’ म्हणजे किती, ‘निमुळती’ कुठपासून, उथळ असूनही ती आडवी कशी वाहून जात नसे, या प्रश्नांची उत्तरे आकड्यांतच मिळाली असती. ते आकडे मिळण्याची एक संधी फेब्रुवारी १७५६ मध्ये विजयदुर्गाखाली जळून गेली. इंग्रज सेनानी वॉटसन आणि क्लाइव्ह यांनी तुळाजी आंग्र्यांवर चढाई केली, एका जहाजाला लागलेली आग शेजारच्या नौकांवर पसरली आणि बंदरातले आरमार राख झाले. बांधणीवर असलेली जहाजेही वाचली नाहीत. गिर्ये गावाजवळ वाघोटण खाडीच्या काठी कातळात काढलेली सुमारे साडेतीनशे फूट लांबीची गोदी अजून पाहायला मिळते. तिच्यावरून नौकांच्या लांबी-रुंदीची कमाल मर्यादा कळते, पण वळणे कळत नाहीत. याउलट उदाहरण त्याच शतकातले आहे. १७८२ मध्ये ब्रिटिशांनी ‘एबे’ नावाचे नवेकोरे फ्रेंच लढाऊ जहाज पकडले. ते चपळ आहे हे दिसल्यावर त्यांनी त्याचे माप घेतले आणि त्या रेषांवरून ‘लेडा’ वर्गाची जहाजे बांधली. त्याच वर्गातले ‘त्रिंकोमाली’ हे जहाज वाडिया घराण्यातल्या जमशेटजी बमनजींनी मुंबईच्या गोदीत मलबारी सागवानात बांधले आणि १८१७ मध्ये पाण्यात सोडले. त्याचे आराखडे घेऊन येणारे जहाज वाटेत अमेरिकनांच्या हाती पडले, तेव्हा दुसरी प्रत पाठवण्यात आली आणि काम पुढे गेले. ‘त्रिंकोमाली’ आज इंग्लंडात हार्टलपूलला तरंगते आहे. मूळ फ्रेंच जहाज कधीच संपले. त्याचा आकार मात्र शत्रूच्या वहीतून मुंबईत आला आणि दोनशे वर्षांहून अधिक काळ टिकला. विजयदुर्गाच्या नौकाही शत्रूच्या हाती पडण्याच्या बेतात होत्या. त्या मोजल्या जाण्याआधी जळल्या, एवढाच काय तो फरक.

आपल्या किनाऱ्याच्या एका नौकेला मात्र हे भाग्य लाभले. मुंबईपासून मलबारपर्यंत माल वाहणारी, मालवण-वेंगुर्ल्याच्या बंदरांत नेहमी दिसणारी फत्तेमारी एकोणिसाव्या शतकात दोन जाणत्या माणसांनी मोजली. सिलोनमधल्या त्रिंकोमाली बंदराच्या गोदीत मुख्य जहाजबांधणीकार असलेल्या जॉन एडाय याने १८३४ मध्ये रॉयल एशियाटिक सोसायटीच्या नियतकालिकात तिची मापे दिली. मोठी फत्तेमारी सुमारे ७६ फूट लांब, २१ फूट रुंद आणि दोनशे टनांची. फ्रेंच नौदल अधिकारी फ्रांस्वा-एदमों पारी याने १८२६ ते १८४० दरम्यानच्या सफरींत आशियातल्या बंदरांतल्या देशी नौकांचे रेषाआराखडे काढले, त्यांत मुंबईची फत्तेमारीही होती. या मापांतून तिचे एक वैशिष्ट्य समोर येते. तिचा पठाण सरळ नाही. तो मध्ये कमानीसारखा उचललेला आणि नाळेखाली खोल उतरलेला आहे. पाहणाऱ्याला हे घडाईतले वेडेवाकडेपण वाटेल, पण रेषा मांडल्या की कारण सापडते. तिची डोलकाठी पुढे कललेली असते आणि तिच्यावरचे प्रचंड त्रिकोणी शीड वाऱ्याचा जोर नौकेच्या पुढच्या भागात घेते. पाण्याखालचा आधारही तेवढाच पुढे नसेल, तर नौकेचे तोंड सारखे वाऱ्यापासून दूर फिरेल आणि सुकाणू धरणारा दमून जाईल. खोल नाळ तो आधार पुढे आणते. मागचा भाग उथळ राहिल्याने नौका चटकन वळते, आणि उचललेल्या मधल्या भागामुळे वाळूवर टेकली तरी सुटणे सोपे जाते. हा विचार करणाऱ्या कारागिरांनी एक ओळही लिहिली नाही. तो आज आपल्याला समजतो, कारण कुणीतरी फूट आणि इंचांत त्यांचे काम उतरवून घेतले.

मालकी आणि आराखडा यांचे नाते सर्वांत स्पष्ट दिसते ते मुंबईत जन्मलेल्या एका शर्यतीच्या नौकेत. ब्रिटिश व्यापारी जहाजावरचा तरुण अधिकारी रॉबिन नॉक्स-जॉन्स्टन याने १९६३-६४ मध्ये कुलाब्यात ‘सुहेली’ ही ३२ फुटांची दोन डोलकाठ्यांची नौका बांधून घेतली. इंग्लंडातून त्याने मागवला होता एक आराखडा आणि हाती आला दुसराच; तो होता अमेरिकन आरेखक विल्यम ॲटकिन यांच्या ‘एरिक’ या १९२०च्या दशकातल्या नौकेचा. आणि ‘एरिक’ तरी मूळची कुठे? कॉलिन आर्चर यांनी नॉर्वेच्या वादळी किनाऱ्यासाठी आखलेल्या बचावनौकांचा घाट ॲटकिन यांनी लहान प्रमाणात उतरवला होता. मुंबईच्या सुतारांनी तो वाकसाने, हाताने फिरवायच्या सामत्याने आणि सागवानाने साकार केला. १४ जून १९६८ रोजी ‘सुहेली’ फालमथहून निघाली आणि ३१२ दिवसांनी, २२ एप्रिल १९६९ रोजी, कुठेही न थांबता एकट्या माणसाला घेऊन पृथ्वीप्रदक्षिणा करून परतली. गोल्डन ग्लोब या पृथ्वीप्रदक्षिणेच्या शर्यतीत उतरलेल्या नऊ जणांपैकी ती पूर्ण करणारा नॉक्स-जॉन्स्टन एकटाच. सुमारे तीस हजार सागरी मैलांना ३१२ दिवस म्हणजे सरासरी जेमतेम ४ नॉट. ही नौका वेगासाठी आखलेली नव्हती, दक्षिण महासागरात तग धरण्यासाठी आखलेली होती, आणि त्या शर्यतीत तोच गुण निर्णायक ठरला. पुढे ती ग्रिनिचच्या सागरी संग्रहालयात ठेवण्यात आली. तिथल्या नियंत्रित कोरड्या हवेत तिच्या फळ्या आकसू लागल्या, म्हणून २००२ मध्ये मालकाने तिला बाहेर काढले आणि दीर्घ डागडुजीनंतर पुन्हा पाण्यात उतरवले. लाकडाची नौका छताखाली जपता येते हा समज इथे खोटा ठरला. दरम्यान तिच्या रेषांवरून गोव्यात, दिवाडीच्या अ‍ॅक्वेरियस शिपयार्डमध्ये रत्नाकर दांडेकर यांनी ‘तुरीया’ बांधली आणि २०१८च्या गोल्डन ग्लोब शर्यतीत भारतीय नौकानयनपटू अभिलाष टॉमी तिला घेऊन उतरले. नॉर्वेचा समुद्र, अमेरिकन कागद, मुंबईचे सुतार आणि मांडवीकाठचा कारखाना यांना जोडणारा दुवा कुठल्याही लाकडाचा नव्हता, तो रेषांचा होता.

यावर आक्षेप येईल, की प्रतिकृती म्हणजे मूळ नौका नव्हे, आणि ‘तुरीया’ तर सप्टेंबर २०१८ मध्ये दक्षिण हिंदी महासागरातल्या वादळात डोलकाठ्या गमावून बसली. जबर जखमी झालेल्या टॉमींना वाचवण्यात आले आणि नौका समुद्रातच सोडावी लागली. पहिली गोष्ट खरी आहे. ‘तुरीया’चे साहित्य ‘सुहेली’च्या साहित्याहून वेगळे होते आणि कारागीरही वेगळे. पण म्हणूनच ती अभ्यासाची नौका ठरते: आकार तोच ठेवून बाकीचे बदलले की काय होते, हे पाहण्याची दुसरी सोय नाही. राहिली ती दुर्घटना. त्याच वादळात शेजारच्या स्पर्धकाची, वेगळ्या आराखड्याची नौकाही डोलकाठ्या गमावून बसली, त्यामुळे दोष एका आकारावर टाकता येत नाही. आणि हेही लक्षात घ्यावे, की समुद्राने नौका नेली तरी आराखडा नेला नाही. उद्या कुणी तिसरी नौका बांधायची ठरवली, तर दोन्ही नौकांचे अनुभव हाताशी धरूनच तो सुरुवात करील.

दुसरा आक्षेप अधिक वजनाचा आहे. कोकणातला मेस्त्री आराखड्यावरून नौका बांधत नाही. तो पठाण टाकतो, नाळ उभी करतो, नजरेने फळ्यांची वळणे ठरवतो आणि बऱ्याचदा आतले वांक, म्हणजे बरगड्या, नंतर बसवतो. कुठल्या झाडाचे कुठले वाकडे खोड कुठे शोभेल, फळी किती तापवून किती वाकवायची, हे त्याच्या हातात असते. कागदावर ते येणारच नाही, मग कागदाचा आग्रह कशाला? मला हा आक्षेप अर्धा मान्य आहे. कागद हाताची जागा घेऊ शकत नाही. पण हाताने जे घडवले त्याची साक्ष कागद ठेवतो, आणि हात थांबल्यावर ती साक्षच उरते. दोहोंपैकी एक नसेल तर किती जड जाते, हे ‘कौंडिण्य’ या जहाजाने नुकतेच दाखवले आहे. अजिंठ्याच्या पाचव्या शतकातल्या चित्रावरून शिवणीचे जहाज बांधायचे ठरले, तेव्हा हाती आराखडा नव्हता. केरळचे बाबू शंकरन आणि त्यांचे सहकारी काथ्याने फळ्या शिवण्याची विद्या जाणत होते; मालवण-गोवा-कारवार पट्ट्यातल्या रापणीच्या मोठ्या होड्याही अशाच शिवलेल्या असत. हात होते, रेषा नव्हत्या. म्हणून चित्रावरून आकार अनुमानाने काढावा लागला, आयआयटी मद्रासमध्ये नमुन्याच्या चाचण्या घ्याव्या लागल्या, डोलकाठ्यांची आणि शिडांची मांडणी नव्याने ठरवावी लागली. सप्टेंबर २०२३ मध्ये गोव्यात पठाण बसवल्यानंतर मे २०२५ मध्ये कारवारला ती नौदलात दाखल झाली. काम मोठे झाले, पण ती पाचव्या शतकातल्या नौकेसारखी किती आहे, हे कुणालाच सांगता येणार नाही. ज्या नौका अजून डोळ्यांसमोर आहेत, त्यांच्याबाबत पुढच्या पिढीला अशा अनुमानावर सोडणे हा आपला दोष ठरेल.

तिसरा आक्षेप पोटाचा आहे. इंजिन आले, फायबरच्या होड्या आल्या. शीड आता कुणाला हवे, आणि मासळीवर घर चालवणाऱ्याने कुजती होडी वारसा म्हणून का सांभाळावी? त्याने ती सांभाळावी असे मी म्हणतच नाही. त्याला नवी होडी हवी असेल तर जुनी मोडण्याचा पूर्ण हक्क त्याचा आहे. मागणे एवढेच आहे, की मोडण्याआधी ती मोजू द्यावी, आणि मोजणाऱ्याने त्याचा एक पैसाही खर्च होऊ देऊ नये. उपयोगाचे म्हणाल, तर नुसत्या वाऱ्यावर चालणाऱ्या नौकेजवळ वाया घालवायला शक्तीच नव्हती. तिचा आकार कमीत कमी जोरात पाणी कापण्यासाठीच बनला होता. डिझेल महाग झालेल्या काळात हा अभ्यास निरुपयोगी नाही. अर्थात इंजिनाचे वजन मागे बसते आणि मागचा भाग भरदार लागतो, म्हणून जुना आकार जसाच्या तसा चालणार नाही. पण काय घ्यावे आणि काय सोडावे हे ठरवायलाही आधी तो मोजलेला असावा लागतो. लाटांतून देवबागच्या पुळणीवर होडी लावण्यासाठी तिचे टोक कसे असावे, तोल सांभाळणारी उलांडी किती दूर बांधावी, हे प्रश्न तर इंजिनानेही बदललेले नाहीत.

हे काम अवाढव्य नाही. सपाट जागी टेकू देऊन उभी केलेली होडी, एक ताणलेली दोरी, ओळंबा, पाणपातळी आणि मोजपट्टी एवढ्यावर दोन-तीन माणसे लहान होडीचे माप घेऊ शकतात. आज निरनिराळ्या बाजूंनी पद्धतशीर काढलेल्या छायाचित्रांवरून संगणक त्रिमिती आकार बांधून देतो आणि हाताच्या मापांशी तो पडताळता येतो. मालवणला शासकीय तंत्रनिकेतन आहे. तिथल्या विद्यार्थ्यांनी दरवर्षी पावसाळ्यात, होड्या किनाऱ्यावर ओढून शाकारलेल्या असताना, ठरवून काही होड्या मोजल्या तर जिल्ह्याचा संग्रह उभा राहील. प्रत्येक आराखड्यासोबत लाकूड कुठले, फळ्यांच्या सांध्यात काय भरले, शीड कसे बेतले, परभाण (शिडाचा वासा) किती लांब, कुठल्या वाऱ्यात ती कशी वागे, हे मेस्त्री आणि तांडेल यांच्या तोंडून टिपून ठेवावे, आणि त्यांची नावे त्यांच्या संमतीने आराखड्यावर घालावीत. एडाय आणि पारी यांच्या कामात हीच उणीव राहिली, तिथे कारागीर अनाम आहेत. सुरुवात शिडासाठी बांधलेल्या होड्यांपासून व्हावी, कारण त्या बांधणारे हात आता वृद्ध झाले आहेत आणि नव्या फायबरच्या होड्या साच्यातून निघत असल्याने त्यांचा आकार कारखान्यात जपलेला असतोच. मालकाला आराखड्याची एक प्रत द्यावी. होडी पुढे विकली गेली, मोडली गेली किंवा वादळात गेली, तरी त्याच्या नातवाला तीच होडी पुन्हा बांधता येईल, इतके त्या कागदात नक्की असते.